सेक्टरांच्या नगरीतील अन्न-निरीक्षक

शिवालिकाच्या पायथ्याशी वसलेले चंडीगड हे नगर आधी कागदावर रेखले गेले आणि मग जमिनीवर उभे राहिले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याचे उद्घाटन केले. आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असे एकेक सेक्टर, त्यात शाळा, दवाखाना, बाग. रस्त्यांचे सात प्रकार आणि त्यांतील चौथ्या प्रकारचा रस्ता बाजाराचा, अशी ल कॉर्बुझिए या वास्तुकाराची योजना होती. महाराष्ट्राला हे नगर अगदीच परके नाही. १९५८ ते १९६२ या काळात काकासाहेब गाडगीळ पंजाबचे राज्यपाल म्हणून याच नगरीत राहत होते. त्या वेळी झाडे नुकतीच लागलेली होती आणि निम्मे सेक्टर आराखड्यातच होते. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचे विभाजन झाले. चंडीगड केंद्रशासित झाले आणि तरीही पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी राहिले. अवघे ११४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि २०११ च्या जनगणनेनुसार साडेदहा लाखांची वस्ती, एवढाच या प्रदेशाचा पसारा आहे.

या आखीवरेखीव योजनेत एका माणसाची मात्र जागा राहून गेली. आपण ज्याला हातगाडीवाला म्हणतो आणि त्या बाजूला ज्याच्या गाडीला रेहडी म्हणतात, तो हा माणूस. नगर बांधण्यासाठी हजारो मजूर आले, त्यांना दोन वेळचे जेवण स्वस्तात हवे होते आणि ते पक्क्या दुकानातून मिळणे शक्य नव्हते. म्हणून रेहडी आली. पुढे कचेऱ्या आल्या, कारकून आले, विद्यार्थी आले आणि रेहड्यांचे चक्क बाजार भरू लागले. मधू सरीन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या चंडीगडविषयक ग्रंथात या आराखड्याबाहेरच्या नगराचा अभ्यास केलेला आहे. ज्यांना नगररचनेत रस आहे त्यांनी तो अवश्य पाहावा. येथे प्रश्न आहे तो त्या रेहडीवर शिजणाऱ्या अन्नाचा, आणि ते अन्न तपासण्यासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा.

हा अधिकारी जुन्या कायद्यात ‘अन्न निरीक्षक’ होता. नव्या कायद्यात त्याला ‘अन्न सुरक्षा अधिकारी’ म्हणतात. बाजारात त्याची ओळख यांपैकी कोणत्याही नावाने होत नाही. तो ‘सॅम्पलवाला’ असतो. त्याची गाडी थांबली की कुठे झाकणे पडतात, कुठे कढई विस्तवावरून उतरते, आणि एखादा विक्रेता गाडी तशीच सोडून पलीकडच्या सेक्टरात दिसेनासा होतो. नमुना घेण्याची विधी पुस्तकात फार नेटकी लिहिलेली आहे, पण तिची सुरुवात पुष्कळदा मालक कोण हे शोधण्यापासून होते.

ती विधी समजून घेण्याजोगी आहे. समजा, दुधाचा नमुना घ्यायचा आहे. अधिकारी प्रथम आपली ओळख देतो, मग नमुना घेत असल्याची लेखी सूचना विक्रेत्याच्या हाती ठेवतो. दूध ढवळून एकजीव करतो, कारण साय वर आणि पातळ दूध खाली अशा भांड्यातून घेतलेला नमुना कोणाचेच सत्य सांगत नाही. अर्धा लिटर दूध घेऊन त्याची किंमत तो रोख चुकती करतो. शासनाने विक्रेत्याकडून फुकट काही घेऊ नये, हा या कायद्यातला जुना आणि सुंदर दंडक आहे. नमुन्याचे चार भाग होतात. प्रत्येक बाटलीत दर २५ मिलिलिटर दुधामागे फॉर्मॅलिनचे दोन थेंब पडतात, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेतो दुधाचे दही व्हावे. बाटल्यांना चिठ्ठ्या, दोरा, लाख आणि मोहोर. साक्षीदाराची सही. साक्षीदार मिळणे ही या सर्व प्रकारातली सर्वांत अवघड गोष्ट. शेजारच्या दुकानदाराला उद्याही तिथेच धंदा करायचा असतो. एक बाटली अन्न विश्लेषकाकडे जाते, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात आणि चौथी, विक्रेत्याने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावी लागते. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा आणि तो मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करावे, असे कायदा सांगतो.

येथे एक विनोद आहे, थोडा कडू आहे इतकेच. जे फॉर्मॅलिन नमुन्याच्या बाटलीत सत्य टिकवून ठेवते, तेच मासळीवर आढळल्याच्या संशयावरून जुलै २०१८ मध्ये गोव्यात केवढा गहजब झाला, हे अनेक श्रोत्यांना आठवत असेल. बाहेरच्या राज्यांतून मासळी आणण्यावर गोवा सरकारला काही दिवस बंदीच घालावी लागली. द्रव्य एकच, पण ते कोणी, कुठे आणि कशासाठी वापरले यावर त्याचा न्याय ठरतो.

अन्नभेसळीचा कायदा भारताला नवा नाही. १८६० च्या दंडसंहितेतच अपायकारक अन्न विकणाऱ्यास शिक्षा सांगितली होती. पुढे प्रांतोप्रांती स्वतंत्र कायदे झाले. मुंबई इलाख्याचा १९२५ चा, पंजाबचा १९२९ चा. चंडीगडचा पाया खणला जात असताना तेथे हा पंजाबचा शुद्ध अन्नाचा कायदाच लागू होता. प्रांताप्रांतांत प्रमाणे वेगळी, प्रयोगशाळांच्या रीती वेगळ्या. एका प्रांतात भेसळ ठरलेला माल शेजारच्या प्रांतात निर्वेधपणे विकला जाई. म्हणून संसदेने १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा केला आणि १ जून १९५५ पासून तो अमलात आला.

एक कायदा आला तरी एक प्रमाण आले असे नव्हे. या कायद्याखालच्या जुन्या नियमांनुसार चंडीगड, पंजाब आणि हरियाणा येथे गायीच्या दुधात निदान चार टक्के स्निग्धांश हवा होता आणि महाराष्ट्रात साडेतीन पुरत होता. म्हणजे पुण्यातील निर्दोष दूध चंडीगडच्या बाजारात गुन्हा ठरले असते. पंजाबच्या गायीला चारा चांगला मिळतो, या गृहीतावर त्या गवळ्याची अब्रू टांगलेली होती. गाय आजारी असो, वेत नुकतेच झालेले असो, सकाळचे दूध असो की संध्याकाळचे, आकडा तो आकडा. पाणी घातले की नाही हे दुधाच्या आकड्यावरून अनुमानाने कळते. पण ते कोणी घातले हे मात्र आकडा सांगत नाही.

या आकड्याला १९६४ च्या दुरुस्तीने दात दिले. त्या दुरुस्तीपासून भेसळीच्या गुन्ह्याला सामान्यतः किमान सहा महिने कारावास आणि हजार रुपये दंड अशी शिक्षा ठरली. १९७६ साली, जिवावर बेतणाऱ्या भेसळीसाठी ती जन्मठेपेपर्यंत नेण्यात आली. संसदेतील संताप प्रामाणिक होता. परंतु शिक्षा जितकी कठोर, तितका न्यायाधीश पुराव्याविषयी काटेकोर होतो. अर्धा टक्का स्निग्धांश कमी पडला म्हणून दूधवाल्याला सहा महिने तुरुंगात धाडताना न्यायाधीशाची लेखणी अडखळे आणि मग मोहोर नीट होती का, साक्षीदार स्वतंत्र होता का, बाटली कोरडी होती का, याचा कीस पडू लागे.

सर्वोच्च न्यायालयाने १९६६ च्या नोव्हेंबरात निकालात काढलेला दिल्लीचा एक खटला या दृष्टीने फार बोलका आहे. एका दुकानदाराकडून १९६१ च्या सप्टेंबरात दह्याचा नमुना घेतला होता. विश्लेषकाने तो निकृष्ट ठरविला. खटला मात्र दाखल झाला १९६२ च्या मे महिन्यात. आरोपीला आपल्याजवळची बाटली केंद्रीय प्रयोगशाळेकडून तपासून घेण्याचा हक्क कायद्याने दिला होता. त्याने तो बजावला, तेव्हा प्रयोगशाळेने कळविले की नमुना नासला आहे, त्याची परीक्षा होऊ शकत नाही. न्यायालयाने म्हटले की दोष महापालिकेच्या विलंबाचा आहे, त्यामुळे आरोपीचा बचावाचा हक्क हिरावला गेला, आणि त्यास सोडून दिले. या निकालाचा आधार पुढे देशभरच्या दूध-दह्याच्या खटल्यांत घेतला जाऊ लागला. दही आठ महिने थांबत नाही. आपल्याकडची फाइल थांबते.

२००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा या अनुभवातून जन्मला. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि १९५४ चा कायदा इतिहासजमा झाला. नव्या कायद्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. निकृष्ट अन्न, खोटे लेबल आणि असुरक्षित अन्न हे तीन प्रकार त्याने वेगळे केले. दुधात पाणी आहे पण विष नाही, अशा प्रकरणी आता तुरुंग नाही. अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा न्यायनिर्णय अधिकारी दंड करतो आणि त्याची कमाल मर्यादा पाच लाखांपर्यंत ठेवलेली आहे. ज्याने प्राण जाऊ शकतो अशा असुरक्षित अन्नासाठी मात्र फौजदारी न्यायालय आणि जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. दंड ठरविताना विक्रेत्याला किती लाभ झाला, दुसऱ्याची किती हानी झाली, तो हे पुन्हा पुन्हा करतो आहे काय, हे पाहिले पाहिजे, असेही कायद्याने सांगितले आहे.

निकृष्ट आणि असुरक्षित यांतील हा भेद लोकांच्या मनात अजून पुरता उतरलेला नाही. २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत दुधाच्या १७९१ नमुन्यांपैकी ६८ टक्क्यांहून अधिक नमुने प्रमाणात बसत नाहीत असे आढळले, आणि देशातले दोन-तृतीयांश दूध विषारी आहे अशी आवई उठली. वास्तविक त्यांतील मोठा वाटा पाणी घातलेल्या आणि स्निग्धांश कमी असलेल्या दुधाचा होता. २०१८ च्या पाहणीत ६४३२ नमुने तपासले गेले. प्रत्यक्ष भेसळ आढळली ती बारा नमुन्यांत. त्याच पाहणीत ज्याकडे कोणाचे लक्ष नव्हते अशी एक गोष्ट वर आली: सुमारे पावणेसहा टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा अधिक होते. हे विष दुधात कोणी घालत नाही. बुरशी आलेला चारा आणि पेंड जनावरांनी खाल्ली की ते दुधात उतरते. त्याला रोखण्यासाठी दूधवाल्याच्या मागे धावून भागत नाही, पेंडीच्या कोठारापर्यंत जावे लागते, आणि चंडीगडचे कोठार चंडीगडात नाहीच.

हीच या नगरीची खरी अडचण आहे. चंडीगड फार थोडे पिकवते आणि बरेच काही खाते. दूध, पनीर, खवा, भाजी, फळ पंजाब आणि हरियाणाच्या खेड्यांतून व गावांतून येते. दिवाळीच्या आधी नगराच्या वेशीवर पहाटे नाकी लावली जातात आणि खवा-पनीरच्या गाड्या थांबवून नमुने घेतले जातात. त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात, ती आवश्यकही असतात. परंतु चौदा दिवसांचा हिशेब येथे आडवा येतो. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी घेतलेल्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत भाऊबीज होऊन गेलेली असते आणि त्या खव्याची बर्फी कोणाच्या पोटात गेली हे कोणालाच सांगता येत नाही. संशय बळकट असल्यास माल जप्त करण्याचा अधिकार आहे खरा. मात्र उगीच जप्ती करून विक्रेत्याला छळणाऱ्या अधिकाऱ्यालाच एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही त्याच कायद्यात लिहिले आहे. अधिकाऱ्याचा हात या दोन कलमांच्या मध्ये कुठेतरी थबकतो. अलीकडे राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना फिरत्या प्रयोगशाळा मिळाल्या आहेत. दुधात युरिया किंवा डिटर्जंट आहे का, एवढे त्या जागच्या जागी सांगू शकतात. तथापि त्यांचे उत्तर न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, ते फक्त कुठे पाहावे हे दाखविते.

सेक्टर २६ च्या घाऊक बाजारात आंब्याच्या दिवसांत आणखी एक वास येतो. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास १९५४ च्या कायद्याखालच्या नियमांनी बंदी होती आणि आजही आहे. कार्बाइडच्या पुडीतून ओल लागताच निघणाऱ्या वायूने फळाची साल पिवळी होते, गर आतून आंबटच राहतो. शिवाय त्या पुडीत आर्सेनिक व फॉस्फरसचा अंश असू शकतो. इथिलीन वायूने, ठरावीक प्रमाणात आणि बंद खोलीत, फळ पिकविण्यास मात्र मुभा आहे. बंदी पुडीला आहे, पिकविण्याला नव्हे, हे पेठेतल्या सर्वांना ठाऊक आहे. खोली बांधायला पैसा लागतो आणि पुडी दोन-चार रुपयांत मिळते, हेही ठाऊक आहे.

आतापर्यंत भेसळीचा विचार झाला. परंतु रस्त्यावरच्या अन्नाने माणूस आजारी पडतो तो बहुधा भेसळीने नव्हे. तो पडतो पाण्याने, हाताने, माशीने आणि बर्फाने. हगवण, विषमज्वर, कावीळ आणि पटकी यांना प्रयोगशाळेतील स्निग्धांशाशी काही कर्तव्य नसते. २००२ साली चंडीगड आणि त्याच्या आसपास पटकीची साथ आली होती. पीजीआय या नावाने सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या, १९६२ पासूनच्या तेथील वैद्यकीय संस्थेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केलेला आहे. नगर कितीही आखीव असले तरी त्याच्या कडेला दाट वस्ती असते, आणि पावसाळ्यात नळाचे पाणी आणि गटाराचे पाणी यांच्यामधला एखादा सांधा फुटतो.

म्हणून चंडीगडच्या प्रशासनाने अनेक वर्षे उन्हाळ्याच्या तोंडाशी एक आदेश काढण्याची प्रथा ठेवली आहे. सारा प्रदेश पटकीच्या दृष्टीने अधिसूचित क्षेत्र म्हणून जाहीर होतो. कापून ठेवलेली फळे, फार पिकलेली वा कच्ची फळे विकण्यास मनाई होते. मिठाई व फरसाण काचेच्या कपाटाबाहेर ठेवता येत नाही. मान्य पाण्यापासून न बनविलेले बर्फ आणि सरबत विकता येत नाही. आरोग्य खात्याच्या माणसांना कोणत्याही दुकानात, बाजारात, इमारतीत शिरून तपासण्याचा आणि अयोग्य माल नष्ट करण्याचा अधिकार मिळतो.

या आदेशाची जातकुळी १८९७ च्या साथरोग अधिनियमाची आहे, आणि त्या वर्षाचे नाव घेतले की मराठी माणसाला पुणे आठवते. प्लेगच्या निमित्ताने घराघरात शिरलेले सोल्जर, रँडसाहेबाची अंमलबजावणी आणि २२ जूनची ती रात्र. रोग खरा होता, उपायही सर्वच चुकीचे नव्हते. परंतु ज्यांच्या घरांत शिरले जात होते त्यांना विश्वासात घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. आजचा आरोग्य निरीक्षक सोल्जर नव्हे आणि आजचा विक्रेता परकीय सत्तेची प्रजा नव्हे. तरीही कापलेल्या कलिंगडाची पाटी कचऱ्याच्या गाडीत उलटी करताना तो निरीक्षक विक्रेत्याशी दोन वाक्ये बोलतो की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते. त्या पाटीत विक्रेत्याची दिवसाची सारी कमाई असते, बहुधा उसनी.

बर्फाची गोष्ट महाराष्ट्रातील श्रोत्यांना अधिक जवळची वाटेल. मासळी थंड ठेवण्यासाठी, यंत्रे थंड ठेवण्यासाठी जो बर्फ बनतो तो पिण्याच्या पाण्याचा असावा असे बंधन नव्हते, आणि तोच बर्फ गोळेवाल्याकडे व रसवंतीत पोहोचत असे. दोन्ही बर्फ दिसायला सारखेच पांढरे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली एक साधा तोडगा काढला: अखाद्य बर्फात निळा रंग मिसळावा. रंगीत बर्फ सरबतात घातला तर गिऱ्हाईकच ओरडेल. त्यासाठी प्रयोगशाळा नको, चार बाटल्या नकोत, साक्षीदार नको. अन्नाच्या कायद्यातील बहुतेक उपाय इतके सोपे नसतात, परंतु जे सोपे असतात ते आधी का सुचत नाहीत, हा प्रश्न प्रशासनाने स्वतःला अधूनमधून विचारायला हरकत नसावी. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलालाही अशीच एक मर्यादा लागू झाली. पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलात जी ध्रुवीय संयुगे साठतात, ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल टाकून द्यावे, असा नियम आहे. भटूऱ्याच्या कढईशी उभे राहून हे प्रमाण डोळ्यांनी सांगता येत नाही. त्याला छोटेसे उपकरण लागते. आणि मोठ्या हॉटेलाने टाकलेले तेल कुठे जाते? ते स्वस्तात रेहडीवर येते. म्हणजे नियम मोठ्याला लागू करताना छोट्याची कढई अधिकच काळी होण्याचा संभव आहे.

पीजीआयच्या दाराशी आणखी एक पेच उभा राहतो. उत्तरेकडील कित्येक राज्यांतून रुग्ण येथे येतात आणि त्यांचे नातलग दिवसेंदिवस बाहेर पथारी टाकून असतात. त्यांच्यासाठी तेथे लंगर चालतात. जगदीशलाल आहुजा या गृहस्थांनी चालविलेला लंगर प्रसिद्ध होता. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या या माणसाने चंडीगडात रेहडीवर केळी विकली, व्यापारात पैसा मिळविला आणि तो भुकेल्यांना जेवू घालण्यात घालविला. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२१ साली ते निवर्तले. आता कायद्याच्या व्याख्येत ‘अन्न व्यवसाय’ म्हणजे नफ्यासाठी असो वा नसो, सार्वजनिक असो वा खासगी, अन्नाशी संबंधित कोणताही उपक्रम. म्हणजे लंगर, भंडारा, महाप्रसाद, सारेच त्यात आले. फुकट वाढलेल्या वरणात रोगजंतू नसतील असे कोणी सांगावे? परंतु पंगतीला बसलेल्या दुःखी माणसांच्या समोर उभे राहून नोंदणीपत्र मागणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाईल, आणि तसे जड जाणेच योग्य आहे. अशा ठिकाणी मोठ्या पातेल्यातला भात किती वेळ कोमट पडून राहतो, ताक कोणत्या पाण्याचे आहे, वाढणारा हात धुऊन येतो का, एवढे पाहून दोन शब्द सांगितले तर नमुन्याच्या चार बाटल्यांपेक्षा अधिक काम होते. कायद्यानेही त्याची सोय केलेली आहे. दोष आढळल्यास आधी सुधारणेची नोटीस द्यावी, मुदत द्यावी, ती पाळली नाही तरच परवाना थांबवावा. ही नोटीस वृत्तपत्रांत कधी छापून येत नाही, म्हणून तिचे महत्त्व कोणाच्या ध्यानात येत नाही.

२०११ च्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या विक्रेत्यांसाठी परवान्याऐवजी नोंदणी ठेवली आणि तिचे शुल्क वर्षाला शंभर रुपये ठेवले. त्या नोंदणीबरोबर त्याच्यावर स्वच्छतेच्या अटी येतात: पिण्याजोगे पाणी वापरावे, झाकणाची कचराकुंडी ठेवावी, अन्न हाताळणाऱ्याला त्वचेचा वा संसर्गाचा रोग नसावा, गाडी स्वच्छ जागी उभी करावी. या अटी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. झाकण, फडके, डोक्यावरची टोपी या गोष्टी विक्रेत्याच्या हातातल्या आहेत. पाणी, गटार आणि कचऱ्याची गाडी त्याच्या हातातली नाही.

चंडीगडात हा प्रश्न दोन कचेऱ्यांत विभागला गेला आहे. अन्नाचे नमुने घेतो तो प्रशासनाचा आरोग्य विभाग. नळ, कचरा आणि विक्रीच्या जागा आहेत १९९४ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेकडे. एका खात्याचा माणूस येतो तो हात धुवायला पाणी का नाही असे विचारतो, दुसऱ्या खात्याचा येतो तो ही जागा तुझी नव्हे असे सांगतो. जो विक्रेता उद्या कुठे असेल हेच ठाऊक नाही, तो पाण्याची टाकी बसविण्यावर खर्च करणार नाही. आणि ज्याची जागा नोंदलेली नाही त्याला सुधारणेची नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची? या दृष्टीने १ मे २०१४ पासून अमलात आलेला पथविक्रेत्यांचा कायदा हा अन्नाच्या कायद्याचा सख्खा भाऊ मानला पाहिजे, जरी त्यात अन्नाचा विषय दुय्यम असला तरी. आधी पाहणी, मग प्रमाणपत्र, मग ठरलेली जागा, असा क्रम त्याने घालून दिला. चंडीगडने २०१६ साली अशी पाहणी केली, नगर विक्रेता समिती बसविली, विक्री क्षेत्रे आखली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली डिसेंबर २०१९ मध्ये सेक्टर १७ सारख्या भागांतून विक्रेते उठविले गेले आणि त्यांना ठरवून दिलेल्या जागांवर जाण्यास सांगितले गेले. पुष्कळांनी तक्रार केली की नव्या जागी गिऱ्हाईक नाही. त्या तक्रारीत तथ्य असावे, कारण रेहडी माणसांच्या मागे जाते आणि माणसे आराखड्याच्या मागे जात नाहीत.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या राज्यांच्या अन्न सुरक्षा निर्देशांकात केंद्रशासित प्रदेशांत चंडीगड अग्रस्थानी होते. त्यात परवाने, नमुने, प्रयोगशाळा, प्रशिक्षण, ग्राहकजागृती या सर्वांना गुण असतात, आणि ते यश कमी लेखण्याचे कारण नाही. एवढ्याशा प्रदेशात निरीक्षकाला प्रत्येक बाजार माहीत असतो, हा मोठा लाभ आहे. विदर्भातल्या एखाद्या जिल्ह्यात त्याच पदावरचा माणूस एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत दिवस मावळतो.

पथविक्रेत्यांच्या कायद्यात विक्रेत्याने आपली जागा स्वच्छ ठेवावी असे सांगितले आहे, आणि विक्री क्षेत्रात स्थानिक संस्था ज्या नागरी सोयी पुरवील त्यांच्यासाठी त्याने देखभालीचे शुल्क भरावे असेही सांगितले आहे. शुल्क भरले की पावती मिळते. पंजाबातील कजौलीहून, भाक्रा कालव्याचे पाणी, मोठ्या नळांतून या नगरीत येते, हिरवळींवर शिंपडले जाते आणि घरोघरी पोहोचते. ज्या विक्री क्षेत्रात ते अजून पोहोचलेले नाही, तेथील रेहडीवाल्याने अन्न सुरक्षा अधिकाऱ्यापुढे आपले नोंदणीपत्र ठेवावे, त्याशेजारी शुल्काची पावती ठेवावी आणि नळ कुठे आहे ते विचारावे. आणि त्या अधिकाऱ्याने आपल्या तपासणीच्या कागदावर ‘पाण्याची सोय नाही’ एवढे लिहून न थांबता त्याची एक प्रत महानगरपालिकेकडे धाडावी.